तीन दिवस वाळवलेली साल

साल विकत घेताना मी अजूनही एक तुकडा जिभेवर ठेवते. परवा पालघरला स्टेशनाजवळच्या नर्सरीत पिशवीतला तुकडा उचलून तोंडात टाकला, तर गल्ल्यावरची पोरगी ओरडलीच, "अहो आजी, ते खायचं नसतं, ऑर्किडला घालायचं असतं!" आजी! केस पिकले म्हणून कुणीही आजी म्हणावं का? मी म्हटलं, "ठाऊक आहे गं बाई. खारट नाही ना, तेवढं बघतेय." "साल कशाला खारट असेल?" तिनं हसत विचारलं. त्याचं उत्तर द्यायचं तर मला तिथंच स्टूल मागून घेऊन बसावं लागलं असतं. शिवाय मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ते उत्तर मी आयुष्यात एकदाच दिलं, तेही फार उशिरा. आता इथं लिहून ठेवते, म्हणजे एकदाचं अंगावेगळं होईल. होईल असं वाटत नाही, पण लिहिते.

आम्ही तेव्हा तारापूरच्या कारखान्यांलगत, पाम गावात चाळीत राहायचो. मी सतरा वर्षांची होते. आईआप्पा कराडकडचे, नोकरीपायी इकडं आलेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढं अरुंद गॅलरी, तिला आम्ही ओटाच म्हणायचो, मागं नाला. नाल्याचं पाणी कधी विटकरी तर कधी चहाच्या रंगाचं, आणि एकदा चांगलं चार दिवस मोरपंखी निळं वाहत होतं. सकाळी कंपन्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे. आमच्या आप्पांचा भोंगा तिसरा, जरा घोगरा. तो झाला की आई तवा चढवायची. वारा कुठल्या कंपनीकडून येतोय हे तिला नाकावर कळायचं. "आज कुजका कांदा," नाहीतर "आज नखाला लावायचा रंग," असं ती दार उघडता उघडता सांगायची, जशी दुसऱ्या कुणाची आई आज कुठली भाजी ते सांगते. वास असला की ती निवांत असायची. एखाद्या दिवशी काहीच वास आला नाही की मात्र तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. "आज काय वासच न्हाई गं बया. कायतरी हुणार बघ." आणि दुपारपर्यंत ती सारखी रस्त्याकडं बघत राहायची.

आप्पा रंगाच्या कंपनीत होते. कपड्याला लागणारे रंग ज्या पावडरीपासून होतात, ती पावडर पिंपात ओतायचं त्यांचं काम. त्यामुळं त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे. साबणानं जात नसत, राखेनं जात नसत, रॉकेलनं तर आणखी उजळून निघायचे. आई थट्टा करायची, "लग्नाला अठरा वर्सं झाली, नवरदेवाची हळद काय उतरंना." आप्पा हसायचे आणि हसता हसता खोकायचे. तो खोकला आधी पावसाळ्यापुरता होता. मग हिवाळ्यातही राहिला. त्या वर्षी उन्हाळाही त्याला पुरला नाही. दोन जिने चढले की ते मधल्या पायरीवर थांबून चपलेचा पट्टा नीट करायचे. पट्ट्याला काही झालेलं नसायचं, हे मला कळत होतं, आईलाही कळत होतं.

आप्पांना एकच नाद, झाडांचा. नाल्याच्या काठाला, जिथं गवतही धड उगवत नव्हतं, तिथं पत्र्याच्या डब्यांतून त्यांनी मोगरा जगवला होता, गवती चहा जगवला होता. त्या नादातून त्यांची उमरोळीच्या राऊतशेठशी ओळख झाली. राऊतशेठची चिकूची वाडी होती, मोगऱ्याचा धंदा होता, आणि नवीन हौस म्हणून त्यांनी ऑर्किडची रोपं मागवली होती. काचेच्या बाटल्यांत, खिरीसारख्या गरात उभी केलेली, बोटाच्या पेराएवढी रोपं. पण वाडीत कुणालाच ती जगवता येईनात. दसऱ्याच्या आधी राऊतशेठनी आप्पांना बोलावून सांगितलं, "दोनशे रोपं देतो. होळीपर्यंत दीडशे जगवून दाखवा. दाखवलीत की सगली शेडनेटखालची बाग तुमच्या ताब्यात. ऱ्हायला खोली हाय. कंपनीला रामराम ठोका." आप्पा घरी आले ते जिना न थांबता चढले. त्याच दिवशी त्यांनी राजीनाम्याचा कागद माझ्याकडून लिहून घेतला, सही केली आणि तारखेची जागा मोकळी ठेवून तो भिंतीवरच्या कॅलेंडरमागं खोचला. आमच्या घरात त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याच कागदाकडं इतकं कुणी बघितलं नसेल.

ऑर्किडला माती चालत नाही, हे आम्हा घाटावरच्या लोकांना पचायलाच आठ दिवस लागले. आई म्हणाली, "माती नको, शेण नको, मग काय हवा खाऊन जगत्यात?" तर जवळजवळ तसंच. मुळं हवेत हवी, ओल हवी पण पाणी नको, आणि हे सगळं जमवणारी एकच चीज, झाडाची साल. आता साल म्हणजे कुठली? आप्पांनी शोध मांडला. वखारीतून देवदाराची आणली, आंब्याची आणली, बाभळीची, ऐनाची, आणि सोबत नारळाच्या सोडणाचे तुकडे. रविवारी घरातले सगळे ग्लास ओट्यावर मांडले, एकेकात एकेक साल टाकली, पाणी ओतलं आणि समोर पाट टाकून बसले. कुठली तरंगते, कुठली बुडते, पाणी कितपत लाल होतं, वास कसा. आईची रव्याची चाळणी त्यांनी मोडीत काढली, कारण तुकडे हरभऱ्याएवढे हवेत, वाटाण्याएवढे नकोत. "माझी चाळणी त्या ढलप्याला लावलीय! दिवाळीला करंज्या आता तुमच्या झाडांकडनंच करून घ्या!" आई दोन दिवस बोलत होती.

त्या ग्लासांपुढंच निरामावशी आली. ती तारापूरकडच्या कोळीवाड्यातली, पाटी घेऊन चाळीत मासळी विकायची. आमच्याकडं मासळी शिजत नव्हती, आईला वासही सोसत नसे, पण उन्हाची टेकायला मावशी आमच्याच ओट्यावर यायची. बसली, हात लांब केला आणि ऐनाच्या सालीचा ग्लास घटाघटा अर्धा प्यायली. "काय गो कुंदे, च्या म्हणायचा का काडा? जीब बसली माजी!" आम्ही हसून हसून लोळलो. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कडू लागलं की तुरट?" मावशी म्हणाली, "तुरट. आमचा बाबा मासली धरायची जाली उकलायचा ना सालीच्या पान्यात, ता पानी असाच. जाली टिकायला लय चांगला. पर तुमचा झाड म्हंजे काय जाली हाय? तो तुरटपणा काडा पयला. तीन पान्यांतून उकला, मंग घाला." राऊतशेठला जे ठाऊक नव्हतं ते या बाईला ठाऊक होतं. आप्पांनी देवदाराची साल धरली, तीन पाण्यांतून उकळायची ठरवली, आणि त्या दिवसापासून निरामावशीला स्वतःच्या हातानं चहा करून देऊ लागले.

साल उकळून झाली त्याच आठवड्यात कंपनीत काहीतरी झालं. काय झालं ते आप्पांनी घरात सांगितलं नाही. त्यांच्या बाजूच्या पिंपावरचा माणूस इस्पितळात गेला आणि त्याची पाळीही आप्पांवर आली, एवढंच आम्हाला कळलं. त्या दिवशी सकाळी आईला वास आला नव्हता. आप्पा घरी यायचे ते डोळे मिटूनच. मला जवळ बसवून म्हणाले, "कुंदे, आता हे तुझ्यावर. तीन दिवस वाळव. सावलीत, वाऱ्यावर. हाताला गार लागली पाहिजे, पण मुठीत दाबली तर थेंब निघता कामा नये. आणि आपल्या गच्चीवर नको. इथं भुकटी बसते." गच्चीवर दोरीवरचे कपडेसुद्धा आम्ही झटकून घेत असू, सकाळी पांढरा परकर संध्याकाळी करडा व्हायचा. आप्पांचं बरोबरच होतं.

मी मग डोकं चालवलं. केवढी हुशार मी! जिथं कंपनीची भुकटी नाही, मोकळा वारा आहे, जागा स्वच्छ आहे, अशी एकच जागा मला ठाऊक होती, ती म्हणजे निरामावशीचं खळं, मासळी वाळवायचं. आई नको म्हणाली असती, कपड्यांना वास येतो म्हणून. म्हणून घरी सांगितलं की उमरोळीच्या मैत्रिणीकडं वाळवते. अर्धं पोतं घेऊन सकाळच्या एसटीनं मी समुद्राकडं गेले. खळ्यावर एका बाजूला मिठातून काढलेली मासळी उलगडून ठेवली होती, दुसरी बाजू कालच रिकामी झालेली. मावशीनं बादलीभर पाणी मारून ती झाडून दिली, वर ताडपत्री बांधून सावली केली. साल पसरता पसरता ती थांबली. "कुंदे, ह्या सगला खारा हाय गो. जमीन खारी, वारा खारा. तुज्या झाडांना चालल ना?"

मी म्हटलं, "चालेल गं."

का म्हटलं? विचार करून म्हटलं असतं तर एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. मी विचारच केला नाही. ऊन छान होतं, वारा नाकात शिरत होता आणि त्या वाऱ्याला कसला म्हणजे कसलाही वास नव्हता मासळीशिवाय, आणि मला घरी परत जायचं नव्हतं. आप्पांचं खोकणं ऐकायचं नव्हतं. तीन दिवस मी तिथं जात राहिले, मावशीच्या हातची तांदळाची भाकरी आणि चिंचेचं सार जेवत राहिले. तिसऱ्या दिवशी साल मुठीत दाबून पाहिली. गार होती, थेंब निघाला नाही. आप्पांनी सांगितलं होतं अगदी तशी.

रविवारी आप्पांनी रोपं लावली. चहाचे प्लास्टिकचे दोनशे पेले, तळाला तापल्या खिळ्यानं पाडलेली भोकं. कोमट पाण्यात गर धुवून एकेक रोप ते हातात घ्यायचे, मुळं मोकळी करायचे आणि दोन बोटांनी सालीचे तुकडे भोवती रचायचे. पिवळ्या बोटांत ती हिरवी टिकली. मी पेले पुढं करत होते. खोकला आला की ते तोंड फिरवून, लांब जाऊन खोकून यायचे. "ह्यांच्यावर नको," म्हणायचे. संध्याकाळी त्यांनी कॅलेंडरमागचा कागद काढून पाहिला आणि परत ठेवला.

बाराव्या दिवशी पानांची टोकं तपकिरी झाली. आधी पाच-सात रोपांची, मग ओळच्या ओळ. आप्पांनी उन्हाला दोष दिला आणि गोणपाट बांधलं. मग वखारवाल्याला दोष दिला. एका संध्याकाळी ते पाळीवर असताना मी पेल्यांपुढं बसले होते. मेलेल्या रोपाच्या पेल्यातला एक तुकडा सहज दातांनी कुरतडला. आणि जिभेवर मीठ आलं. थोडंसंच. पण मिठाला काय, ते कळायला थोडंसंच पुरतं. मावशीचा आवाज जसाच्या तसा कानात आला, "चालल ना?"

त्याच वेळी सांगितलं असतं तर निम्म्याहून जास्त रोपं वाचली असती. हे मला आज कळतं, राऊतशेठच्या पोरालाही कळेल. रोपं उपटून नव्या सालीत लावायची, बस्स. पण सांगायचं म्हणजे उमरोळीची मैत्रीण खोटी हे सांगायचं, विचारलं असूनही "चालेल" म्हटलं हे सांगायचं. मी भित्री निघाले. मी दुसरा मार्ग काढला. आप्पा कामावर गेले की कुणाला न सांगता पेल्यांवर तांब्यानं पाणी ओतायचं, मीठ धुऊन जाईल म्हणून. रोज. ऑर्किडला पाणी नको असतं, हे घोकून पाठ असून. आठ दिवसांत जी मिठातून वाचली होती त्यातली बहुतेक बुडाशी काळी पडून लोळली. हात लावला की पानं अलगद हातात यायची.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. एका सकाळी आप्पा पेल्यांपुढं पाटावर बसले होते. आई चहा घेऊन गेली. ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "साल चांगली होती. पाणी चांगलं होतं. कुंदीनं सगळं मी सांगितलं तसंच केलं. मग राहिलं काय?" आणि त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "हे राहिले. ह्यात मुरलंय ते, सुमन. वीस वर्षांचं मुरलंय. ज्याला हात लावला ते मेलं." आई म्हणाली, "काय अभद्र बोलताय सकाळच्या पारी!" मी दारात उभी होते, हातात तांब्या होता. आप्पांनी चहा घेतला नाही. उठले, मोरीत गेले आणि हात घासत बसले. विटेच्या तुकड्यानं. आई जाऊन विटकर हिसकावून घेईपर्यंत.

त्या दिवसापासून उरलेल्या रोपांना त्यांनी हात लावला नाही. मोगऱ्यालाही नाही. परीक्षेला जाताना मी पाया पडले तर हात पाठीमागं नेले आणि तोंडानं म्हणाले, "यशस्वी हो." पीठ मळलेल्या परातीजवळून जाताना अंग चोरायला लागले. आई रडली, भांडली, शपथा घातल्या. मला दर दिवशी वाटायचं, उद्या सांगू. निरामावशी एकदा आली, सगळ्यांदेखत विचारलं, "झाडा जगली का गो भाऊ?" आप्पांनी मान हलवली, म्हणाले, "माझ्या हातांनी मेली, मावशी." मावशीनं माझ्याकडं पाहिलं. ती सगळं समजली. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा हळूच म्हणाली, "बापाला सांग गो. मी नाय सांगनार. पर तू सांग." ती पुढं वर्षभर चाळीत येत राहिली, पण आमच्या ओट्यावर टेकली नाही.

होळीला राऊतशेठच्या माणसानं येऊन अकरा रोपं नेली. त्यानंतर कॅलेंडरमागचा कागद आईनं डाळीच्या डब्याच्या तळाशी घातला. आप्पा त्याच कंपनीत, त्याच पिंपावर निवृत्त होईपर्यंत राहिले. "आता दुसरीकडं जाऊन कुणाचं वाटोळं करू?" असं म्हणायचे. माझ्या लग्नात कन्यादान मामानं केलं. लोकांना वाटलं बाप आजारी आहे. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, हात पाठीमागं बांधून, आणि मंगलाष्टकांना अक्षतासुद्धा त्यांनी टाकल्या नाहीत. सगळा मांडव अक्षता उडवत होता आणि मी अंतरपाटामागून फक्त त्यांच्याकडं बघत होते.

सांगितलं मी ते शेवटी. आई गेल्यावर आप्पा माझ्याकडं पालघरला आले, श्वासाला यंत्र लागलेलं. माझी मुलगी बारावी पास झाली, निकाल हातात घेऊन त्यांच्या पाया पडली, आणि त्यांचे हात नेहमीसारखे मागं गेले. माझा बांध फुटला. तिच्यासमोरच सगळं सांगितलं. खळं, ताडपत्री, "चालेल गं", तांब्यानं ओतलेलं पाणी, सगळं. पाय धरले. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस वाळवलीस?"

"तीन."

"मिठातल्या मासळीशेजारी?"

"हो, आप्पा."

"मग तेच," ते म्हणाले, मोडलेला पंप कुठं बिघडला ते सापडल्यासारखे. "मग तेच असणार." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढं घेऊन मांडीवर ठेवले आणि पाहू लागले. पिवळा रंग केव्हाच गेला होता. साध्या म्हाताऱ्या माणसाचे हात होते ते, नखांपाशी सुरकुतलेले. मी मुलीला डोळ्यांनी खुणावलं. ती पुन्हा वाकली. आप्पांनी उजवा हात उचलला. तो तिच्या केसांवर चार बोटं अंतरावर आला आणि तिथंच थांबला. ती वाकून वाट बघत होती.

"असू दे," ते म्हणाले आणि हात मागं घेतला. "खात्री कुठंय, कुंदे?"

ते गेले तेव्हाही हात चादरीखालीच होते. मी ते बाहेर काढले आणि दोन्ही स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतले. ते गार होते.